मैदानाचा बोर्ड

माझी पहिली वेबसाइट काळी होती. काळ्या आभाळात चांदण्या लुकलुकत होत्या, मधोमध माझं नाव इंग्रजीत पेटत-विझत होतं आणि खाली ई-मेलचं एक पाकीट स्वतःभोवती गरगर फिरत होतं. नव्वदच्या दशकाची ती शेवटची वर्षं. इंटरनेटवर फुकटची जागा मिळाली की जो तो असलंच काहीतरी करून ठेवायचा. मी तर इस्लामपूरच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवणारा, त्यामुळे चांदण्यांचा मोह मला जरा जास्तच. इंटरनेट तेव्हा आमच्या गावात पोचलं नव्हतं. त्यासाठी सांगलीतल्या एका कॉम्प्युटर क्लासात जावं लागे. एका रविवारी मी बायकोला एसटीत घातलं आणि साइट दाखवायला घेऊन गेलो.

तिनं सगळं शांतपणे पाहिलं. किल्ल्यांचे फोटो, पोस्टाची तिकिटं, विज्ञानातल्या गमतीजमती, चार विनोद, महाबळेश्वरचा सूर्यास्त, आणि अगदी तळाला, ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप केला होता, ती माझी कुस्त्यांची हँडबिलं.

"एक ना धड, भाराभर चिंध्या," ती म्हणाली. परतीच्या बसमध्ये तिनं त्यात आणखी भर घातली, "त्यात तुम्ही कुठं आहात ते मला सापडलंच नाही."

मला राग आला. मी आष्ट्यापर्यंत खिडकीबाहेर बघत बसलो. राग आला की गप्प बसायचं आणि तिचं म्हणणं दुसऱ्या दिवशी स्वतःचं म्हणून सांगायचं, ही माझी जुनी खोड आहे.

हँडबिलांचं सांगायला हवं. आमच्या सातारा-सांगलीकडं जत्रा म्हटली की कुस्त्यांचं मैदान आलंच, आणि मैदानाच्या आधी आठ दिवस पंचक्रोशीत हँडबिलं फिरायची. पातळ गुलाबी, पिवळा किंवा पोपटी कागद. सगळ्यात वर गावच्या देवाचं नाव, त्याखाली जाड अक्षरात 'कुस्त्यांचे जंगी मैदान', मग शड्डू ठोकणाऱ्या दोन पैलवानांचं चित्र. त्याखाली नेमलेल्या कुस्त्या: डावीकडं एक पैलवान, उजवीकडं दुसरा, मध्ये 'विरुद्ध'. दुसऱ्या दिवशी त्याच कागदात भजी बांधली जायची.

मी तालमीत तीन दिवस टिकलो. चौथ्या दिवशी वस्तादांनीच वडिलांना सांगितलं की पोरगं अभ्यासात हुशार दिसतंय. बरोबरीची पोरं मैदानातून नारळ नाहीतर फेटा घेऊन यायची, मी हँडबिल घेऊन यायचो. वडिलांना कुस्तीचं वेड, पण त्यांनी मला कधी हिणवलं नाही. उलट म्हसवडला, पाटणला, जिथं जिथं जात तिथून एक हँडबिल चौघडी करून खिशातून आणत आणि न बोलता माझ्यापुढं ठेवत. त्यांचे किती उपकार मानावेत हे मला फार उशिरा कळलं. तोवर एक पत्र्याची ट्रंक भरली होती.

ती ट्रंक लोकांना दाखवावी, कुस्ती न खेळणाऱ्यानंही मैदानासाठी काही केलं म्हणावं, एवढीच माझी इच्छा. पण चांदण्यांच्या खाली ते कागद परक्याच्या लग्नात आल्यासारखे दिसत होते.

साइटला 'मैदान' हे नाव मी दुसऱ्याच दिवशी ठरवलं. अडचण अक्षरांची होती. मराठी अक्षरं आपल्या कॉम्प्युटरवर दिसायची, दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर त्यांचे किडे-मुंग्या व्हायचे. क्लास चालवणाऱ्या मॅडमनी उपाय सांगितला, "नावाचं चित्र करून टाका, सर. चित्र सगळीकडं सारखंच दिसतं." त्यांच्याकडं मराठीची दोन वळणं होती. एकात 'मैदान' लिहिलं की सरकारी नोटीस वाटे, दुसऱ्यात लग्नपत्रिका. मग मला पेंटर आठवले.

आमच्या बाजारपेठेत सगळे त्यांना नुसतं पेंटरच म्हणत. वय साठीच्या आसपास, शुक्रवारी दुपारी दुकान बंद, एरवी सकाळपासून रॉकेलच्या आणि रंगाच्या वासात बसलेले. त्यांनी रंगवलेल्या प्रत्येक बोर्डाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात लाल रंगात त्यांची सही असे. शेवटच्या अक्षराला बैलाच्या शेपटीसारखा झोकदार फाटा. ते नाव मी इथं लिहीत नाही. ते त्यांच्याच ब्रशातून उतरलेलं शोभतं. लहानपणी बाजारातून जाताना मी दुकानांची नावं वाचायच्या आधी कोपऱ्यातली ती सही शोधायचो. त्या वर्षांत मात्र कॉम्प्युटरवर कापलेली रेडियमची अक्षरं आली होती, आतून दिवे लागणारे प्लास्टिकचे बोर्ड आले होते. पेंटरचे बोर्ड एकेक करून उतरत होते आणि बहुतेक मागच्या गोठ्यावर छप्पर म्हणून जात होते. आणि मी नेमका कॉम्प्युटरसाठीच अक्षरं मागायला त्यांच्याकडं निघालो होतो.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. वेबसाइट म्हणजे काय हे मी त्यांना सांगितलं, म्हणजे सांगायचा प्रयत्न केला.

"म्हंजे दुकानच की," ते म्हणाले. "कशाचं दुकान हाय?"

मी म्हणालो, हँडबिलं आहेत, पण किल्लेही आहेत, तिकिटं आहेत, थोडं विज्ञान...

"आवं सर, बोर्डावर चार धंदं लिव्हलं की गिऱ्हाईक एकाला बी येत न्हाई. किराणा, कटलरी, सायकल भाड्यानं आणि वर ज्योतिष. अशा माणसाकडनं तुमी साखर तरी घ्याल व्हय?"

"नाही घेणार."

"मग एक काय ते ठरवा आणि या. न्हाईतर मालच घिऊन या, मी बगतो."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी सायकलच्या कॅरियरला ट्रंक बांधून नेली. पेंटरनी हात पुसले, चष्मा लावला आणि एकेक हँडबिल उचलून पाहायला लागले. पाच-सहा झाल्यावर एका पिवळ्या कागदावर थांबले. शड्डू ठोकणाऱ्या त्या दोन पैलवानांवर त्यांनी बोट ठेवलं.

"हे मी काढल्यात."

मग पुढच्या कागदावरही त्यांचेच पैलवान निघाले, आणि त्याच्याही पुढच्या. तरुणपणी त्यांनी हे चित्र आणि वरचं 'जंगी मैदान' छापखान्याला काढून दिलं होतं. छापखानेवाल्यानं त्याचा छपाईचा ठसा, म्हणजे ब्लॉक, करून घेतला आणि तोच ब्लॉक वर्षानुवर्षं गावोगावच्या हँडबिलांवर चालला. माझ्या ट्रंकेतली निम्मी तरी हँडबिलं त्यांच्या हातची होती आणि मला पत्ता नव्हता.

"पण यावर सही नाही," मी म्हणालो.

"हुती. खालतीकडं, पायापाशी. कुस्त्या लय झाल्या, नावं बसंनात, म्हणून त्यानं ब्लॉकचा तेवढा तुकडा कापला." ते हसत होते, पण हसू गालापर्यंतच होतं. "सगळ्या मुलखात माझं पैलवान फिरलं बगा, आणि मी कोण ते कुणालाच ठावं न्हाई."

ते परत ट्रंकेकडं वळले आणि किल्ले, तिकिटं, विनोद यांचा निकाल एका वाक्यात लावला. "तुमचं दुकान ह्येच. बाकीचं उचला. आणि येगळं काय डिजाइन करत बसू नका, हँडबिलासारखंच हँडबिल दिसू द्या."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. इतके दिवस मी साइटला रूप शोधत होतो आणि ते ट्रंकेत घडी घालून पडलं होतं. आम्ही दोघांनी त्या दुकानातच सगळं ठरवलं. पान गुलाबी, उन्हात थोडं विटल्यासारखं. खालची बटणं नेमलेल्या कुस्त्यांसारखी दोन रांगांत: डावीकडं सातारा जिल्हा, उजवीकडं सांगली, मध्ये 'विरुद्ध'. लोकांनी अभिप्राय लिहायचा त्या जागी हँडबिलाच्या तळाची नेहमीची ओळ, 'तरी कुस्तीशौकिनांनी मैदानाची शोभा वाढवावी'. प्रश्न फक्त वरच्या देवाचा राहिला.

"म्हसवडचं असलं की सिद्धनाथ लिव्हतो, ज्या गावचं मैदान त्या गावचा देव," पेंटर म्हणाले. "तुमच्या मैदानाचं गाव कंचं?"

इंटरनेटवरच्या मैदानाला गाव कुठून आणायचं? शेवटी त्यांनीच तोडगा काढला, 'ग्रामदैवत प्रसन्न'. ज्यानं वाचावं त्यानं आपला देव त्यात बघावा.

वहीच्या पानाएवढं चित्र पुरे, असं मी त्यांना तीनदा सांगितलं होतं. आठवड्यानं गेलो तर पाच फुटी पत्र्याचा बोर्ड भिंतीला टेकवून वाळत ठेवलेला. मी डोक्याला हात लावला. पेंटर शांत.

"मोठं काढून बारीक करता येतंय. बारीक काढून मोठं केलं की अक्षार फाटतंय. आणि बोर्ड हाय, रस्त्याच्या समोरच्या बाजूनं दिसाय नको?"

समोरच्या बाजूला अमेरिका होती, पण ते मी बोललो नाही. गुलाबी जमिनीवर ते 'मैदान' असं उभं होतं की जणू आत्ता हलगी कडाडेल. दोन पैलवान पुन्हा नव्यानं काढले होते, आणि म्हाताऱ्या हातानं काढलेले हे पैलवान ब्लॉकमधल्यांपेक्षा जास्त जिवंत होते. उजव्या कोपऱ्यात ती लाल सही.

मजुरी विचारली तर त्यांनी हात झटकला. "सही तेवढी ऱ्हाऊ द्या म्हंजे झालं."

"राहणारच की," मी म्हणालो.

बोर्डाचा फोटो स्टुडिओवाल्याकडून काढून घेतला, त्याची प्रत घेऊन सांगलीला गेलो. मॅडमनी तो स्कॅन केला आणि सांगितलं की चित्र जड झालंय. टेलिफोनच्या तारेवरून हळूहळू येणारं इंटरनेट. जड चित्र म्हणजे बघणारा कंटाळून निघून जाणार. लहान करत करत आम्ही एका मापापर्यंत आलो, तरी थोडं जास्तच होत होतं.

"खालची पट्टी काढली तर बसेल," मॅडम म्हणाल्या. "तिथं नुसता पत्रा आहे आणि हा लाल डाग."

तो लाल डाग काय आहे हे मला माहीत होतं. दिसलं नाही, लक्षात आलं नाही, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगून पाहिलं, पण ते खोटं आहे. एवढ्या लहान मापात सही वाचता तर येतच नाही, मग असून काय उपयोग, असा विचार मी केला. विज्ञानाचा मास्तर तसाच विचार करतो. म्हणालो, "काढा." आणि फिरणारं पाकीट मात्र राहू दिलं.

पेंटरना साइट दाखवायची ठरवली तो रविवार. ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून स्टँडवर माझ्याआधी हजर होते. बसमध्ये त्यांनी दोन ओळखीच्यांना सांगितलं की सांगलीला बोर्ड बघाय चाललोय, आणि त्या दोघांना त्यात काही वावगं वाटलं नाही. क्लासात मॅडमनी त्यांना खुर्ची दिली. मी पत्ता टाइप केला.

त्या काळी चित्र एकदम उमटत नसे, वरून खाली पट्ट्यापट्ट्यांनी उतरे. आधी 'ग्रामदैवत प्रसन्न' आलं. मग 'मैदान' या शब्दावरची रेघ, मग अक्षरांचे खांदे, मग पोटं. पेंटर पुढं वाकले. पैलवानांची डोकी आली, छात्या आल्या, शड्डू ठोकणारे हात आले. त्यांचे डोळे मात्र पैलवानांवर नव्हते, उजव्या कोपऱ्यात खाली लागले होते. चित्र पैलवानांच्या पावलांपर्यंत आलं आणि थांबलं. पेंटर तसेच वाकून बसले होते.

"अजून खाली यायचंय का?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "एवढंच आहे."

"बरं." ते खुर्चीत मागं टेकले. "ब्येस झालंय, सर. रंग चांगला आलाय."

चहा झाला. परत येताना ते उसाच्या तोडीबद्दल बोलले, साखर कारखान्याच्या भोंग्याबद्दल बोलले, बोर्डाबद्दल अक्षर नाही. त्यांच्या लक्षात आलं नसेल, अशी मी स्वतःची समजूत काढत होतो. ज्या माणसानं आयुष्यभर त्याच कोपऱ्यात नाव लिहिलं त्याच्या लक्षात आलं नसेल म्हणे.

घरी सगळी हकिकत ऐकून बायकोनं एकच विचारलं, "सही कुठं गेली?" बोर्ड तिनं पाहिलेला होता, ब्लॉकचा किस्साही मीच तिला रंगवून सांगितला होता. मी मापाचं आणि टेलिफोनच्या तारेचं सांगायला लागलो.

"म्हणजे छापखानेवाल्यानं केलं तेच," ती म्हणाली. "त्यालाही जागाच पुरत नव्हती."

या वेळी मला राग आला नाही. लाज वाटली, आणि ती जेवणभर जाईना.

पुढच्या रविवारी मी एकटाच सांगलीला गेलो. पट्टी परत घ्यायची तर वजन दुसरीकडून कमी करायला हवं होतं. फिरणारं पाकीट काढलं. कोपऱ्यातल्या उरल्यासुरल्या चांदण्या काढल्या, पेटतं-विझतं नाव काढलं, किती माणसं येऊन गेली ते मोजणारं यंत्र काढलं. सूर्यास्त तर जायलाच हवा होता. एकेक गोष्ट जाईल तसं ते पान मोकळं होत गेलं आणि शेवटी हँडबिलच राहिलं. माझ्या साइटला चेहरा आला तो त्या दुपारी, आणि आला तो सहीला जागा करून देण्याच्या नादात. मॅडमनाही ते पटलं. सहीचा वेगळा, जवळून काढलेला फोटो मी बरोबर नेला होता. त्यांनी तो नीट कापून प्रत्येक पानाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात बसवला. ते काम क्लासाच्या वेळात त्यांनी माझ्यासाठी केलं, आणि चूक कुणाची हे एका शब्दानंही विचारलं नाही. त्या बाईंचा मी ऋणी आहे.

सोमवारी शाळेच्या आधीच पेंटरच्या दुकानात गेलो. ते एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर नाव घालत होते. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं: सही मला दिसली होती, मीच काढायला लावली, चुकलो, आणि आता परत घातली आहे. त्यांनी हातातलं अक्षर पुरं केलं, ब्रश रॉकेलात बुडवला.

"सर, सही गिऱ्हाइकासाठी नसती," ते म्हणाले. "गिऱ्हाईक दुकानाचं नाव बगतंय, सही कोण बगतंय? सही असती बोर्ड उतरवणाऱ्यासाठी. कवातरी बोर्ड उतरतोच. उतरवणारा खाली घेताना कोपऱ्यातनं धरतोय, तवा त्येला नाव दिसतंय. कुणाच्या हातचं काम मोडतोय आपण, एवढं त्येला कळावं."

पुढं म्हणाले, "बसा, च्या सांगतो." मी शाळेची प्रार्थना चुकवून चहा प्यायलो.

साइट काही वर्षं चालली. परदेशात गेलेल्या आमच्याकडच्या माणसांनी मैदानाची शोभा वाढवली. कुणी आपल्या गावच्या देवाचं नाव लिहून जाई, कुणी आजोबांच्या कुस्तीची आठवण. पुढं ती फुकट जागा देणारी कंपनीच बंद झाली आणि एके दिवशी पत्ता टाइप केला तर पान आलंच नाही. कोपऱ्यातनं धरून खाली घेणारं कुणी नव्हतंच. मला वाईट वाटलं, पण त्याहून जास्त जाणवलं ते हे, की माझ्यासारख्या तीन दिवसांच्या पैलवानाला एवढ्या माणसांनी हात दिला: कागद आणणाऱ्या वडिलांनी, तोंडावर खरं बोलणाऱ्या बायकोनं, मॅडमनी, आणि दुकान कशाचं ते आधी विचारणाऱ्या पेंटरनी.

पेंटर आता नाहीत. बोर्ड आमच्या घराच्या पुढच्या सोप्यात ट्रंकेच्या वर टांगलेला होता. गेल्या दिवाळीआधी घराला रंग द्यायचं काढलं तेव्हा भिंत मोकळी करायला म्हणून रंगारी शिडीवर चढला. कुणा परगावचा माणूस, त्यानं आमची बाजारपेठ पूर्वी पाहिलेली नव्हती. त्यानं खिळे सैल केले आणि बोर्ड खाली घ्यायला उजवा कोपरा धरला. मी खाली हात वर करून उभा होतो. तो तसाच थांबला. मग खांद्यावरचा रुमाल काढून त्यानं कोपऱ्यावरची धूळ पुसली आणि नाव मोठ्यानं वाचलं.